शेवटच्या डब्यावरचं गंध

१

पडद्यावरच्या वकिलाने कोर्टाच्या पायऱ्या उतरता उतरता पोलिसाच्याच खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं, आणि घडी घालून तो परत त्याच्या खिशात ठेवून दिला. खोलीभर हशा पिकला. रीळ संपलं. नटराज अंधारातच शेवटचं रीळ चढवू लागला.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत वेंकटरावांचं घर आहे. त्या घराच्या मधल्या खोलीत विजयादशमीच्या संध्याकाळी फिल्म सोसायटीची मंडळी दाटीवाटीने बसली होती. हॉलिवूडचा फार जुना मूकपट, एका गोडबोल्या लबाड वकिलाची गंमत. वेंकटरावांच्या वडिलांनी तो मद्रास सोडून जाणाऱ्या कुणा गोऱ्या साहेबाकडून घेतला होता. त्याचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळे म्हणायचे, वकिलाचा पिक्चर. प्रोजेक्टर बिघडल्यापासून कित्येक वर्षं तो डब्यांतच पडून होता. आता नटराजने यंत्र दुरुस्त केलं होतं, आणि सोमवारी ही रिळं पुण्याच्या एका चित्रपट-संग्रहाकडे जायची होती. वेंकटरावांचे डोळे जवळजवळ गेलेले. तरी रिळं घराबाहेर पडायच्या आधी सगळ्यांनी ती एकदा बघावीत, असा म्हाताऱ्याचा हट्ट होता.

दिसत नसतानाही ते पडद्याशेजारी बसून पाठ असलेली गोष्ट सांगत होते. "आतां पाहा. तो वकील त्या बाईला म्हणतो, तुम्हीं दोन दिवस गांवाला जाऊन या, इकडे मीं आहें ना..."

लोक पुन्हा हसले, पण हे हसणं निराळं होतं. पडद्यावर वकीलही नव्हता आणि बाईही नव्हती. चिखलात एक बैल उभा होता, त्याच्यामागे भाताची लावणी चालली होती.

"...आणि बाई गेली कीं हा काय करतो..."

"मामा, पुरे." पहिल्या रांगेतला मुरलीकृष्ण केव्हाच उठून त्यांच्याजवळ पोचला होता. त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "रीळ चुकलें आहे. दमलांत तुम्हीं. बोलूं नका आतां."

दिवे लागले. सुप्रभा काळजीत पडली. एरवीही तिला काळजीत पडायला फारसं काही लागत नसे. गणिताची प्राध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, सोसायटीची चिटणीस, कुलूप लावलं तरी परत जाऊन ओढून बघणारी बाई ती. पण या आठवड्यात तिच्या काळजीला खरंखुरं कारण होतं, आणि ते भिंतीला टेकून बसलं होतं. तिची थोरली बहीण, गंगाबाई, सगळ्यांची अक्का.

तिरुवैयारूला कावेरीच्या काठी अक्काचं घर होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती काही महिने सुप्रभाकडे राहिली, आणि तेवढ्यात एका परक्या माणसाने दावा ठोकला की त्या घरात वर्षानुवर्षं आपणच राहतो. कोर्टाने पाहणीला नेमलेला कमिशनर घर बघायला गेला, तर आत खरोखरच संसार मांडलेला. अक्का खटला हरली. आता सोमवारी, दसऱ्याच्या सुटीनंतर कोर्ट उघडलं की त्याच दिवशी अपील करायचं. नाही केलं तर घर गेलं.

तरी बरं, वकील मुरलीकृष्ण होता. तोच हा, सोसायटीचा अध्यक्ष. अक्काकडून फी म्हणून त्याने एक रुपया घेतला नव्हता.

२

"यांत घाबरायचें काय आहे?" मुरलीकृष्ण हसत म्हणाला. त्याचं हसणं असं होतं की समोरच्याला आपणच काहीतरी छान केल्यासारखं वाटावं. "जुने डबे. अदलाबदल कधीं तरी पूर्वींच झाली असेल. चला, प्रसादाचें सुंडल खाऊंया."

नटराज मात्र जागचा हलला नाही. तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता, बोलायचा कमी. "नाहीं सार. काल दुपारींच मीं हें रीळ उघडलों. कडेचीं भोकं फाटलीं होतीं, तीं जोडलों. वकीलच होता त्यांत. संध्याकाळीं मींच परत आणून ठेवलों."

मुरलीकृष्णचं हसणं क्षणभर जागच्या जागी थांबलं. सुप्रभाने ते पाहिलं. आपल्याला उगीच काहीबाही दिसतं, असं तिने स्वतःला बजावलं.

"म्हणजे चोरी," पुण्याहून आलेला नितीन म्हणाला. रिळं न्यायला आलेला संग्रहाचा माणूस तोच. त्याचा चेहरा उतरला होता. "शेवटाशिवाय हे नेऊन काय करू? जगात दुसरी प्रत असल्याचं आम्हाला तरी माहीत नाही."

"काल संध्याकाळपासून घरांत कोण कोण होतें?" मुरलीकृष्णने अगदी हळुवारपणे विचारलं.

कालची सरस्वतीपूजा. कोलू, म्हणजे नवरात्रातली बाहुल्यांची मांडणी, बघायला अर्धी गल्ली येऊन गेली होती, मुरलीकृष्णही आला होता. पण ती सगळी माणसं पुढच्या खोलीत, बाहुल्यांसमोर. पूजा या मधल्या खोलीत मांडलेली, आणि ती मांडायला आलेली अक्का रात्री इथेच राहिली होती. सगळ्यांच्या नजरा भिंतीकडे वळल्या. सकाळी तीच कडाडली होती, हे कुणीतरी कुजबुजलं: माझें घर जात आहे, आणि तुम्हीं कोर्टावर हसायला बसतां होय!

अक्का कुणाकडेच बघत नव्हती. "त्या पाळण्याच्या राघूला चोच नव्हती गे," ती सुप्रभाला म्हणाली.

हे गेल्या दोन महिन्यांतलं तिचं पालुपद होतं. कमिशनर येऊन गेल्यावर ती आपल्याच घराच्या खिडकीतून आत डोकावली होती. तिथे टांगलेला पाळणा, त्यावरचे रंगीत लाकडी राघू आणि त्यांतला चोच मोडलेला एक, एवढंच तिच्या डोक्यात बसलं होतं. दुःखाने बाई भ्रमिष्ट झाली, असं लोक म्हणत.

मुरलीकृष्ण दोघी बहिणींना ओसरीवर घेऊन गेला. "अक्का, मीं तुम्हांला आई मानतों. तुम्हीं घेतलें असें मीं मेलों तरी म्हणणार नाहीं. पण डब्यावर गंध आहे, म्हणजे डबा रात्रभर पूजेंत होता, आणि पूजेजवळ तुम्हींच. हा नितीन पोलिसांत जातों म्हणतो. चोरीचा बोभाटा झाल्यावर अपिलांत तुमच्याकडून बोलायचें कोणत्या तोंडानें?" त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. "सोमवारीं घराची चावी देऊन टाकूं. अपील नको. नितीनला मीं समजावतों. अब्रू तरी राहील."

अक्काने कनवटीची चावी चाचपली. मग म्हणाली, "बरें."



३

रविवारी सकाळी सुप्रभाने आधी गॅस बंद असल्याची खात्री केली, मग ऑटो करून ती स्टेशनजवळच्या लॉजवर गेली. नितीन टेबलावर इडली तशीच ठेवून फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

"तुम्ही पोलिसांत जाणार आहात?" तिने विचारलं.

"मी?" तो चकित झाला. "मॅडम, मी असं बोललोच नाही. वकीलसाहेबच काल म्हणाले की तक्रार करायची का त्याचा विचार करा. मला रीळ हवंय, भांडण नकोय."

सुप्रभाने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. हा खोटं बोलत असेल का? पण ज्याला सोमवारी सगळी रिळं राजरोस मिळणार, तो त्याआधीच त्यांतलं एक चोरून उरलेली कशाला नासवेल? नितीनचं नाव तिने मनातल्या मनात खोडलं. तिथून ती थेट वेंकटरावांच्या घरी गेली.

नटराज प्रोजेक्टर पुसत होता. बैलाचं रीळ ज्यातून निघालं तो डबा स्टुलावर होता. बाकीच्या डब्यांसारखाच, गोल, पत्र्याचा. झाकणावर कागदाची जुनाट पट्टी, तिच्यावर आकडा, आणि मधोमध गंधाचा गोल ठिपका, त्यावर कुंकू.

"नटराज, मला नीट सांग बा. परवां काय काय झालें?"

"सकाळीं अक्का पूजा मांडल्या. प्रोजेक्टर, डबे, मामांचीं पुस्तकं, सगळें. पण ह्या रिळाचें काम राहिलें होतें. पूजेंत ठेवल्यावर दुसऱ्या दिवशींच्या पुनर्पूजेपर्यंत हात लावतां येत नाहीं ना. म्हणून अक्काच म्हणाल्या, तो एक डबा बाहेर ठेव. मीं तो मागच्या खोलींत नेलों, जोडलों, आणि दिवेलागणीला ओळीच्या शेवटीं, केळीच्या पानाआड उभा करून ठेवलों. तेव्हां इकडे कोणी नव्हतें."

"बाहेर ठेवलेल्या डब्याला गंध?"

नटराजने स्टुलावरच्या डब्याकडे पाहिलं.

स्वयंपाकघरात अक्का वेंकटरावांसाठी रसम करत होती. सुप्रभा दारात उभी राहिली. उत्तर भलतंच आलं तर पुढे विचारायला काही उरणार नव्हतं.

"अक्का, परवां त्या शेवटच्या डब्याला गंध लावलेंस तूं?"

"त्याला?" अक्काने मागे वळूनही पाहिलं नाही. "काम उरलेल्या वस्तूला कोणी गंध लावतें काय? कांहींतरीच विचारतेस."

४

सुप्रभा ओसरीच्या पायरीवर बसली. वर्गात फळ्यासमोर उभी असताना तिला कधी भीती वाटत नसे. आता तिने मनातल्या मनात फळा पुसून घेतला.

खऱ्या डब्याला गंध नव्हतं. जो सापडला त्याला आहे. म्हणजे रीळच नव्हे, अख्खा डबाच बदलला. बदलणाऱ्याने दुसरा डबा बाहेरून आणला, त्याच्यावर जुन्या कागदाची पट्टी चिकटवली आणि आठवणीने गंध-कुंकू लावलं. सरस्वतीपूजेच्या संध्याकाळी त्या खोलीतली प्रत्येक वस्तू गंध लावलेली असणार, हे इथल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. नितीनच्या ते डोक्यातही आलं नसतं. पण खरा डबा बिनगंधाचा आहे हे अक्काला माहीत होतं आणि नटराजलाही. त्या दोघांपैकी कुणी हे केलं असतं, तर डबा कोराच ठेवला असता. ज्या गंधावरून काल अक्कावर ठपका आला, तेच गंध आज तिला सोडवत होतं.

आणि त्या गंधावर बोट ठेवणारा माणूस एकच होता. नटराजने रीळ उघडलं नसतं, तर बैल पाहून सगळे हसले असते आणि सुंडल खाऊन घरी गेले असते. काल मुरलीकृष्णने नेमकं तेच सुचवलं होतं.

पण का? सुप्रभाला स्वतःचाच राग आला. ज्याने अक्कासाठी फुकट धावाधाव केली, त्याच्यावर संशय घ्यायचा, तो एका पिक्चरच्या शेपटासाठी?

ती आत गेली. वेंकटराव खिडकीशी बसले होते.

"मामा, त्या पिक्चरचा शेवट काय आहे?"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "काल मुरली बोलूं दिला नाहीं! लहानपणीं माझ्याच मांडीवर बसून हा पिक्चर पाहायचा, शेवट पुन्हां लावा म्हणून रडायचा. या वेळीं मात्र त्याचें आपलें एकच, मामा, दुसरा कोणता तरी लावूं. ऐक. एक विधवा बाई आहे, तिचें एक घर. वकील तिचाच. पण आंतून दुसऱ्या पक्षाला मिळालेला. जज्ज घर पाहायला येणार, तेव्हां हा बाईला म्हणतो, तुम्हीं दोन दिवस गांवाला जाऊन या. बाई गेली कीं हा आणि ते लोक घरांत संसार मांडतात. शेजाऱ्याचें मांजर, कोणाची तरी आजी, चुलीवर सूप, दोरीवर कपडे. जज्ज विचारतो, इकडे कोण राहतें? आजी म्हणते, आम्हींच, कायमचे! आणि मधोमध..."

"काय मधोमध?"

"पाळणा," वेंकटराव हसत म्हणाले. "वकील आपल्या घरचाच पाळणा आणून टांगतो. पाळणा हलतांना दिसला कीं कोणी कांहीं विचारत नाहीं, म्हणतो."

सुप्रभाने खिडकीचा गज घट्ट धरला. कमिशनर येणार होता, तेव्हा मुरलीकृष्णनेच अक्काला नवस फेडायला दोन दिवस कुंभकोणमला पाठवलं होतं. घराकडे लक्ष ठेवायला म्हणून दुसरी चावी त्याच्याकडेच होती. कमिशनरने काढलेले फोटोही त्याने दाखवले नव्हते; अक्का, तुम्हांला बघवणार नाहीं, म्हणाला होता.

"मामा, अक्काच्या घरीं कमिशनरला काय काय दिसलें, तें तुम्हांला कोणी सांगितलें नाहीं?"

"मला कोण काय सांगतें गे?"

स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडून वाजलं. अक्का दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

५

"मीं चावी द्यायला आलें," अक्का म्हणाली.

मुरलीकृष्णचं ऑफिस त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत होतं. तो लगबगीने उठला, खुर्ची पुढे केली, कॉफी सांगितली. "अक्का, मन मोठें तुमचें. बसा."

सुप्रभा बसली नाही. काय शोधायचं, ते रिक्षात बसल्यापासून तिला सुचत नव्हतं. रीळ त्याने जाळलं असेल, कावेरीत टाकलं असेल. मग त्याच्यापुढे काय मांडायचं, गंधाचा ठिपका? तो दोन वाक्यांत हसण्यावारी नेईल. तेवढ्यात तिची नजर कोपऱ्याकडे गेली.

देवीच्या तसबिरीसमोर पाटावर कायद्याच्या पुस्तकांचा ढीग होता, त्यावर रेशमी शेला पांघरलेला. वरची फुलं काळी पडली होती.

"पूजा अजून उठवली नाहीं?" तिने विचारलं. "विजयादशमी काल झाली."

"कोर्ट उद्यां उघडतें." तो हसला. "देवीलाही एक दिवस जास्त सुटी."

"असें कसें?" अक्का एकदम म्हणाली. तिच्या आवाजात आता निव्वळ मोठ्या बाईचा धाक होता. "काल एक ओळ तरी वाचायला नको होती? वकिलाच्या घरीं पुस्तकं अशीं झांकून?" आणि ती उठली.

"अक्का, राहूं दे, मीं करतों," मुरलीकृष्ण म्हणाला, आणि इतक्या घाईने पुढे झाला की कॉफी टेबलावर सांडली. पूजेवरच्या शेल्याला कुणी हात लावत नाही. कारकून नाही, बायको नाही, झाडणारी बाईसुद्धा नाही. घरात याहून सुरक्षित जागा नव्हती. अक्काने देवीला नमस्कार केला आणि शेला उचलला.

दोन जाड ग्रंथांच्या मध्ये पत्र्याचा गोल डबा होता. पूजेतल्या प्रत्येक पुस्तकावर गंध होतं. डब्यावर नव्हतं.

मग मुरलीकृष्ण खुर्चीत टेकला आणि, नवल म्हणजे, हसलाच. थोडं उदास, अगदी लाघवी. "जाळणार होतों. हात धजला नाहीं. लहानपणापासून त्या वकिलासारखें व्हायचें होतें मला." त्याने मान वर केली, डोळे थंड झाले होते. "पण प्रोफेसर, एक रीळ सांपडलें म्हणून काय झालें? जुन्या पिक्चरचा लोभ सुटला, म्हणेन. मामा मला माफ करतील. त्याचा आणि घराचा संबंध काय? कोर्टाला काय दाखवाल? एक कॉमेडी?"

त्याचं बरोबर होतं. इतकं सगळं जुळवून सुप्रभा पुन्हा रिकाम्या हातांनी उभी होती, आणि उद्या सोमवार होता.

आतून मूल किरकिरलं. पाठोपाठ कड्यांचा कुरकुर आवाज सुरू झाला, एका लयीत.

अक्काने कान टवकारले. डबा काखेत मारून, कुणाला न विचारता, ती सरळ आत गेली. सुप्रभा तिच्यामागे धावली.

मुरलीकृष्णची मुलगी जननी बाळाला झोके देत होती. अक्काला पाहून ती खुलली. "या, अत्तै! बारशाला तुम्हींच नव्हतां का पाळणा म्हटलां? मग आलांच नाहींत."

बारशाला तो पाळणा वरपासून खालपर्यंत फुलांनी झाकलेला होता. आज फुलं नव्हती. चौकटीला रंगीत लाकडी राघू टांगले होते. अक्काने हात लांबवून एक राघू बोटांत धरला आणि आपल्याकडे वळवला.

"ह्याची चोच?" तिने विचारलं.

"तीच तर! पाळणा आला तेव्हांपासूनच तशी आहे." जननी दाराशी आलेल्या बापाकडे बघून लटक्या रागाने म्हणाली, "आडी महिन्यांत अप्पा दुरुस्तीला म्हणून अख्खा पाळणा घेऊन गेले. दोन दिवस बाळ भुईवर निजलें. आणि परत आणला तर बघा, चोच तशीच!"

आडीच्याच, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या, महिन्यात कमिशनर तिरुवैयारूला आला होता. त्याच्या फोटोंत हा पाळणा असणारच, चोचीच्या राघूंसह आणि बिनचोचीच्याही. मुरलीकृष्णने आपल्या मुलीकडे पाहिलं. त्याचं हसणं गेलं होतं, आणि हसण्याशिवाय तो अगदी कुणीही वाटत होता.

दोन महिने अक्का एकच गोष्ट सांगत होती, आणि सख्ख्या बहिणीनेही ती ऐकली नव्हती.

"झोके देत राहा गे. बाळ उठेल," अक्का जननीला म्हणाली. मग तिने मूठ उघडली, घामेजलेली चावी पदराला पुसली आणि कनवटीला खोचली.

बाहेर पडताना तिने डबा सुप्रभाच्या हातात दिला. "उद्यां आधीं दुसरा वकील बघ. आणि मामांना सांग, पिक्चर पुन्हां लावायचा आहे. त्या कमिशनरलाही बोलाव."

"कमिशनरला? कशाला?"

"त्यांनीं शेवट पाहिला नाहीं ना," अक्का म्हणाली, आणि रिक्षाला हात केला.